दुसरी बायपास : हृदयाचा स्नायू कसा राखतात?



आरोग्याच्या या पानावर यावेळी आम्ही जरा अवघड विषय घेत आहोत. पण तो आपल्या घरातला आहे, म्हणून शांतपणे शेवटपर्यंत वाचावा आणि घरातल्या मंडळींनाही वाचून दाखवावा, ही विनंती.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्यांची बायपास झाली अशी माणसे आता गावोगावी आहेत. ऑपरेशननंतर त्यांनी उसाच्या लागणी केल्या, मुलामुलींची लग्ने केली, सोसायटीचे कर्ज फेडले. त्यांतल्या काहींच्या छातीत आता पुन्हा कळ येऊ लागते. तालुक्याचे डॉक्टर शहरात पाठवतात, अँजिओग्राफी होते आणि "पुन्हा बायपास करावी लागेल" असे कानावर पडते. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "एकदा झालंय की, त्यात काय, पुन्हा करू." दुसरा म्हणतो, "या वयात परत छाती उघडायची म्हणजे माणूस हातचा गेलाच." दोन्ही बोलणी अर्धवट माहितीवरची आहेत. दुसरी बायपास पहिलीसारखी नसते हे खरे. पण ती का अवघड असते आणि त्यावर सर्जन काय तोड काढतात, हे समजले की निर्णय घेणे सोपे जाते. शिवाय या कामात आपल्या हातातही एक महत्त्वाची गोष्ट आहे. ती शेवटी सांगतो.

१. हृदयाला रक्त कोण पुरवते?

हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवते, पण त्याच्या पोटातून जाणाऱ्या रक्तावर त्याचे स्वतःचे भागत नाही. हृदयातून निघणाऱ्या मुख्य रोहिणीला, म्हणजे महारोहिणीला, सुरुवातीलाच दोन फाटे फुटतात. या दोन रोहिण्या हृदयावर पसरतात आणि त्याच्या स्नायूला रक्त देतात. मुख्य पाटाला पोटचाऱ्या असाव्यात तसेच हे. पोटचारीत गाळ साचला की पुढचे वाफे कोरडे पडतात; हृदयात तसे झाले की कळ येते, पूर्ण बंद झाले की झटका येतो.

बायपास म्हणजे गाळ न काढता बाजूने नवी चारी काढणे. पायाची नीला काढून ती महारोहिणीपासून अडथळ्याच्या पुढे जोडायची ही पद्धत अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रेने फावालोरो यांनी १९६७ साली रूढ केली. हे गृहस्थ मूळचे अर्जेंटिनाचे. तिथल्या एका आडगावी त्यांनी बारा वर्षे खेड्यातला डॉक्टर म्हणून काम केले होते. आपल्या देशात पहिली बायपास १९७५ साली मद्रासच्या पेरांबूर येथील रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली.

पायाच्या नीलेशिवाय दुसरी एक नळी वापरतात, ती म्हणजे छातीच्या पिंजऱ्याच्या आतल्या बाजूने खाली येणारी डावी रोहिणी. तिचे वरचे टोक मूळ जागीच, म्हणजे खांद्याकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणीवर, तसेच ठेवतात आणि फक्त खालचे टोक हृदयावर आणून जोडतात. पायाच्या नीला दहा वर्षांत जवळजवळ निम्म्या बंद पडतात किंवा खराब होतात. ही छातीची रोहिणी मात्र दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊ जणांत चालू सापडते. तिच्यामुळे रोगी जास्त जगतात हे क्लीव्हलँडच्याच डॉक्टरांनी १९८६ साली दाखवून दिले, आणि तेव्हापासून सगळीकडे तिला पहिला मान मिळाला.

हे नीट ध्यानात ठेवा, कारण पहिल्या वेळी जी नळी सर्वांत उपकारी ठरली, तीच दुसऱ्या वेळी सर्जनपुढे सर्वांत मोठा पेच टाकते.

२. हृदय थांबवायचे, पण मरू द्यायचे नाही

कारखान्यात मिल चालू असताना रोलर बदलता येत नाही. हंगाम संपला की ओव्हरहॉलिंग करतात. हृदयाचेही तसेच. दीड-दोन मिलिमीटरच्या नळीला केसासारख्या बारीक धाग्याने टाके घालायचे, तर ती हलता उपयोगी नाही. धडधडत्या हृदयावरही बायपास करतात, पण बऱ्याच ठिकाणी आणि बऱ्याच रोग्यांत हृदय थांबवूनच करतात. तेवढा वेळ शरीराला रक्त देण्याचे काम हार्ट-लंग मशीन करते. हे यंत्र माणसावर पहिल्यांदा यशस्वी झाले ते १९५३ साली, फिलाडेल्फियात, डॉ. जॉन गिबन यांच्या हातून.

पण मिल आणि हृदय यांत एक फरक आहे. मिल बंद केली की तिला काही लागत नाही. हृदयाचा स्नायू जिवंत असतो; थांबला तरी त्याला थोडा प्राणवायू लागतोच. आपला तोडलेला ऊस आठवा. मुळापासून तुटला तरी तो लगेच मरत नाही. त्याचा श्वास चालूच असतो, आणि त्या श्वासापायी तो स्वतःची साखर जाळत राहतो. म्हणून तर तोडीनंतर चोवीस तासांत गाळप व्हावे म्हणतो. उन्हात पडला तर उतारा झपाट्याने घटतो, थंडीत जरा टिकतो. महारोहिणीला चिमटा लावून हृदयाचा रक्तपुरवठा तोडला की स्नायूची गत त्या तोडलेल्या उसासारखी होते. घड्याळ चालू होते.

यावर उपाय दोन. पहिला, हृदय एकदम स्तब्ध करणे. कामाला जुंपलेल्या हृदयाला जेवढा प्राणवायू लागतो, त्याच्या सुमारे एक दशांशच स्तब्ध हृदयाला लागतो. दुसरा, त्याला थंड करणे. त्याने गरज आणखी उतरते. टोरंटोच्या डॉ. बिगेलो यांनी १९५० च्या सुमारास थंडाव्याचा हा मार्ग दाखवला.

स्तब्ध करण्याचे औषध आपल्या ओळखीचे आहे. उसाला आपण म्युरेट ऑफ पोटॅश देतो. त्याचे रासायनिक नाव पोटॅशियम क्लोराइड. तोच क्षार, अर्थात औषधी शुद्धतेचा आणि अगदी मोजून घेतलेला, सलाईनमध्ये किंवा रोग्याच्याच रक्तात मिसळून हृदयाच्या रोहिण्यांत सोडला की हृदय थांबते. धुऊन निघाला की पुन्हा सुरू होते. या द्रावणाला कार्डिओप्लेजिया म्हणतात. लंडनचे डॉ. मेलरोज यांनी १९५५ साली हा प्रयोग प्रथम केला, पण त्यात पोटॅशियमची मात्रा फार जड होती. स्नायूलाच इजा होऊ लागली आणि पद्धत मागे पडली. खताचा डोस जास्त झाला की मूळ जळते, तसेच झाले. पुढे १९७० नंतर कमी मात्रेची द्रावणे आली. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाचे द्रावण १९७५ पासून वापरात आले आणि जगभर गेले. त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेतील डॉ. बकबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातूनच हे औषध देण्याची पद्धत बसवली. त्यामुळे थांबलेल्या स्नायूला औषधाबरोबर प्राणवायूही मिळू लागला. नेहमीच्या पद्धतीत हा थंड डोस दर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा देतात. काही नव्या द्रावणांचा डोस जास्त वेळ टिकतो.

एवढे समजले म्हणजे पहिल्या बायपासची राखण समजली. आता दुसरीकडे वळू.

३. दुसऱ्या वेळी काय वेगळे असते?

पहिली अडचण चिकटण्याची. ऑपरेशननंतर छातीच्या आत जे भरून येते, त्यात हृदय, महारोहिणी आणि जुन्या नळ्या आजूबाजूला चिकटून बसतात. कधी हृदयाचा उजवा भाग, तर कधी जुनी चालू नळी मधल्या हाडाच्या अगदी पाठीला चिकटलेली असते. हाड कापताना करवतीचा धक्का तिला लागला तर टेबलावरच मोठा रक्तस्राव होतो किंवा झटका येतो. म्हणजे हृदय राखण्याचे काम ते थांबवायच्या आधीपासूनच सुरू होते.

दुसरी अडचण औषध पोहोचण्याची. द्रावण नेहमी महारोहिणीच्या मुळात सोडतात आणि ते रोहिण्यांतून पुढे जाते. पण दुसऱ्या वेळी मूळ रोहिण्याही बंद, जुन्या नळ्याही बंद किंवा अरुंद. वरून पाणी सोडले तरी टेलच्या वाफ्याला पोहोचत नाही. ज्या भागाला संरक्षणाची जास्त गरज, नेमका तोच कोरडा राहतो.

तिसरी अडचण गाळाची. जुन्या नीलेच्या आत चरबीचा भुसभुशीत थर साचलेला असतो. जुन्या पाइपलाइनवर हातोडा बसला की आतला गाळ सुटतो आणि पुढे ठिबकच्या नळ्यांत जाऊन अडकतो, हे आपण पाहतो. तसेच या नीलेला ऑपरेशनमध्ये जास्त हात लागला तर कण सुटतात आणि हृदयाच्या बारीक रोहिण्यांत अडकतात.

चौथी अडचण त्या उपकारी रोहिणीची. महारोहिणीला चिमटा लावला की बाकी सर्व वाटांनी रक्त बंद होते. पण छातीची डावी रोहिणी महारोहिणीच्या त्या भागातून निघतच नाही. तिचे मूळ खांद्याकडच्या रोहिणीवर. त्यामुळे मशीनने चालवलेले कोमट रक्त तिच्यातून हृदयाच्या पुढच्या भागात येतच राहते. ते थंड औषध धुऊन टाकते, तेवढा भाग पुन्हा गरम होतो आणि हलू लागतो. शेताला वाफसा आणायचा म्हणून आपण सगळ्या चाऱ्या बंद कराव्यात, आणि शेजारच्या विहिरीची पाइपलाइन एका वाफ्यात वाहतच राहावी, असा हा प्रकार. तो वाफा वाफशावर यायचा कसा?

४. सर्जन काय तोड काढतात?

सर्वांत आधी नकाशा. पुन्हा अँजिओग्राफी करून कोणती जुनी नळी चालू, कोणती बंद हे पाहतात. सीटी स्कॅन काढून ती नळी आणि हृदय हाडापासून किती अंतरावर आहे हे मोजतात. फार जवळ असेल तर हाड उघडण्यापूर्वीच जांघेतल्या किंवा काखेजवळच्या रक्तवाहिनीवरून मशीन जोडण्याची तयारी ठेवतात. रक्ताच्या बाटल्या हाताशी असतात. हाड कापायला पुढे-मागे थरथरणारी करवत वापरतात. ती कठीण हाड कापते, पण मऊ भागाला कमी इजा करते.

औषध पोहोचवण्यासाठी दोन्ही बाजूंनी पाणी द्यायची युक्ती करतात. हृदयाने वापरलेले रक्त शेवटी एका मोठ्या नीलेत गोळा होऊन उजव्या कप्प्यात पडते. तिच्यात बारीक नळी घालून द्रावण उलट्या दिशेने, म्हणजे टेलकडून वर, सोडतात. रोहिण्यांत जसा चरबीचा गाळ साचतो तसा या नीलांत साचत नाही, त्यामुळे अडथळ्यांपलीकडच्या स्नायूलाही औषध मिळते. अशी उलटी वाट अमेरिकेतील डॉ. लिलेहाय यांनी १९५६ सालीच वापरली होती. बायपासमध्ये ती १९८० नंतर रुळली. जुन्या नळ्यांतून सुटलेले कण मागे ढकलून बाहेर काढायलाही तिचा उपयोग होतो. मात्र दाब बेताचा ठेवावा लागतो, नाहीतर नीलेला इजा होते. आणि या वाटेने हृदयाच्या उजव्या भागाला औषध कमी पोहोचते. म्हणून पुढून आणि मागून, दोन्हीकडून देणे हाच शहाणपणाचा मार्ग मानतात. नवी नीला जोडून झाली की तिच्यातूनही डोस देता येतो.

गाळाच्या बाबतीत नियम एकच : हृदय थांबेपर्यंत जुन्या नीलेला शक्यतो हात लावायचा नाही.

आता चालू राहिलेली छातीची रोहिणी. येथे दोन मार्ग आहेत. एक, तिला चिकटलेल्या भागातून हळूच मोकळी करून तेवढ्या वेळापुरता बारीक चिमटा लावायचा. मग सारे हृदय एकसारखे थंड आणि स्तब्ध राहते. पण शोधताना तीच तुटली तर अनर्थ. दोन, तिला न छेडता तशीच वाहू द्यायची. मग मशीनद्वारे सगळ्या शरीराचेच तापमान नेहमीच्या ३७ अंशांवरून ३० च्याही खाली आणायचे, म्हणजे तिच्यातून येणारे रक्तही थंडच येईल. शिवाय औषधाचे डोस वरचेवर द्यायचे. दोन्ही मार्गांनी अनुभवी सर्जन चांगले निकाल मिळवतात. कोणता घ्यायचा हे ती रोहिणी कुठून गेली आहे, यावर ठरते. अडथळा हृदयाच्या एकाच बाजूला असेल तर कधी कधी मधले हाड न उघडता, बरगड्यांमधून, धडधडत्या हृदयावरच काम उरकतात. मग या पेचात शिरावेच लागत नाही.

काम संपले की चिमटा काढायच्या आधी बऱ्याच ठिकाणी कोमट रक्ताचा एक डोस देतात. उपाशी स्नायूवर एकदम पुरे रक्त सोडले तर त्यानेही इजा होते. तहानलेल्या बैलाला आपण एकदम पोटभर पाणी पाजत नाही, तीच समजूत इथे.

५. मग भ्यावे की धीर धरावा?

दुसऱ्या बायपासमध्ये जोखीम पहिलीपेक्षा साधारण दुप्पट-तिप्पट धरतात. वय वाढलेले असते, हृदय थकलेले असते, मधुमेह, मूत्रपिंड यांची भर असते. हे लपवण्यात अर्थ नाही. त्याचबरोबर हेही खरे की प्रत्येकाला दुसरे ऑपरेशन लागत नाही. आज बऱ्याच जणांचे काम औषधांवर किंवा स्टेंट टाकून भागते. विशेषतः छातीची रोहिणी चांगली चालू असेल तर. तेव्हा "स्टेंटने भागेल का?" हा प्रश्न जरूर विचारावा.

पण जेव्हा करावेच लागते, तेव्हा ते यशस्वी होते याचे उदाहरण साऱ्या देशाने पाहिले आहे. पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० साली ब्रिटनमध्ये झाली होती. २४ जानेवारी २००९ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी, दिल्लीच्या एम्स रुग्णालयात त्यांची दुसरी बायपास झाली. मुंबईचे हृदयसर्जन डॉ. रमाकांत पांडा यांनी एम्सच्या डॉक्टरांसह ती केली. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी पुन्हा पंतप्रधानपदाची शपथ घेतली आणि २०१४ पर्यंत कारभार पाहिला. ते वारले ते २६ डिसेंबर २०२४ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी.

६. आपल्या हातात काय आहे?

वर सांगितलेली सगळी राखण एका माहितीवर उभी आहे : पहिल्या वेळी कोणती नळी कुठून कुठे जोडली? ही माहिती पहिल्या ऑपरेशनच्या कागदात लिहिलेली असते. तो कागद कुठे आहे? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांवर दाखल रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपण्याचे बंधन आहे, आणि मागितल्यास ती ७२ तासांत द्यावी लागतात. पण पंधरा वर्षांनी रुग्णालयात ती असतीलच असे नाही. म्हणजे तो नकाशा जपण्याची खात्रीची जागा एकच, आपले घर. सातबारा आणि खरेदीखत आपण ट्रंकेत जपतो. ऑपरेशनचा कागद मात्र दिवाळीच्या झाडलोटीत जातो. हे बदलले पाहिजे.

म्हणून बायपास झालेल्या प्रत्येक सभासदाने, किंवा त्याच्या मुलाने, सुनेने, या आठवड्यात पुढील गोष्टी कराव्यात :

(अ) डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट, अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि सीडी, इको रिपोर्ट एका पिशवीत घालून सातबाऱ्याशेजारी ठेवा. मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघांकडे ठेवा.

(आ) ऑपरेशन नोट मिळालेली नसेल तर रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून मागा. डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोट हे दोन वेगळे कागद आहेत. नळ्यांचा सविस्तर तपशील दुसऱ्यात असतो.

(इ) कोणत्या पायाची नीला काढली, जखम चिघळली होती का, रक्तगट कोणता, हे एका चिठ्ठीवर लिहून त्याच पिशवीत ठेवा.

(ई) रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर ऑपरेशन ठरताच सर्जनना सांगा. त्या केव्हा थांबवायच्या हे तेच ठरवतील. आपल्या मनाने बंद करू नका.

(उ) सर्जनना तीन प्रश्न विचारा : माझी छातीची रोहिणी चालू आहे का? सीटी स्कॅनमध्ये ती हाडाला किती जवळ आहे? अशी दुसऱ्यांदाची ऑपरेशने तुमच्याकडे नेहमी होतात का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

आणि ज्यांची पहिली बायपास नुकतीच झाली, त्यांनी तर हे पक्के करावे की दुसरीची पाळीच येऊ नये. तंबाखू, मिश्री, विडी, गुटखा कायमचा बंद. अ‍ॅस्पिरिनची आणि कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज. "आता बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. साखर आणि रक्तदाब तपासत राहायचे. रोज चालायचे. नवी चारी काढून दिली तरी तिच्यात गाळ येऊ न देणे हे शेवटी शेतकऱ्याचेच काम असते.

हृदय राखण्याची विद्या सर्जनजवळ आहे. पहिल्या ऑपरेशनचा नकाशा आपल्या ट्रंकेत असायला हवा. दोन्ही एकत्र आले तर दुसरी बायपासही पार पडते.

कळावे.